'रमलखुणा' मधलं रमल म्हणजे नक्की काय?

सध्या जीएंचं (जी. ए. कुलकर्णी) 'रमलखुणा' वाचतेय. दोनच कथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', पण इतकं वेगळं आणि अजब मराठीत दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही. गाव, काळ, जात, नातं कशाचाच नेहमीचा आधार मिळत नाही आणि तरी पुस्तक सोडवत नाही. नावाचा अर्थ मात्र लागेना. 'रमणे'शी काही संबंध आहे का?

~

नाही, रमणेशी संबंध नाही. रमल अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ वाळू. पूर्वी वाळूत बोटाने ठिपके काढून त्यावरून प्रश्नाचं उत्तर सांगायचे, पुढे त्याच कामाला पासे आले. आपल्याकडे रमलाचे पासे चार-चार असे सळईत ओवलेले असतात, असे दोन संच. ते टाकले की चार ओळींची आकृती तयार होते, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन ठिपके, म्हणून एकूण आकृत्या 16 आणि त्यांच्यावरून भाकीत. सांगणारा तो रमलशास्त्री, उर्दूत रम्माल.

म्हणजे रमलखुणा हे ते ठिपके. ते दिसतात सगळ्यांनाच, वाचता मात्र येत नाहीत. मला हे नाव फार अचूक वाटतं कारण या दोन्ही कथांमध्ये माणसाच्या वाट्याला खुणा भरपूर येतात आणि अर्थ कळेकळेपर्यंत वाट चालून झालेली असते.

~

+१. त्याच काळातली बाकी नावं पण बघा ना, 'रमलखुणा' आणि 'सांजशकुन' 1975 ची, 'पिंगळावेळ' 1977 चं. शकुन तर उघडच आहे, आणि पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड, ज्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन बघतात, शिवाय पहाटे अंधारात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत येणारा तोही पिंगळाच. तीन पुस्तकं आणि तिन्हींच्या नावात पुढचं सांगणारं काहीतरी, हा योगायोग नसावा असं मला मनापासून वाटतं.

~

मग 'काजळमाया' पण त्यातच धरायचं का? काजळ म्हणजे अंजन, अंजन घालून गुप्त गोष्टी दिसतात असं म्हणतात..

~

ते ओढूनताणून होईल. तिथे मला काळोखाची भूल एवढंच ऐकू येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

~

धन्यवाद सगळ्यांना! 'इस्किलार' मध्ये एक अनोळखी भाषेतलं वाक्य येतं, तेही अरबी-फारसीच आहे का?

~

नाही, ती भाषा जीएंनीच घडवलेली आहे, शब्दकोशात सापडणार नाही. ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा आणि पुढे वाचत राहा, अर्थ कथेतच येतो, इथे सांगितला तर तुमची कथाच जाईल.