पावणेतीन वजा करायचे? आधी तीन करा
कुणीतरी लिहिलंय की पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची (२ पूर्णांक ३/४ सारख्या) वजाबाकी करताना आधी ते अंशाधिक (अंश छेदाहून मोठा, जसं ११/४) करून घ्यावेत. पेपरात ठीक आहे हो, पण शिवणाच्या मशीनवर बसून कोण छेद समान करतं? पाच मीटरच्या तुकड्यातून पावणेतीन मीटर कापड गेलं, की आई सरळ तीन वजा करायची. उरले दोन. मग जास्तीचा घेतलेला पाव परत द्यायची, सव्वादोन! 'पावणे' या शब्दातच वजाबाकी करून ठेवलेली आहे. बेरजेतही तेच: सव्वादोन आणि पावणेदोन म्हणजे चार, पावाला पाव फिटला. (पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ असणाऱ्यांना हे सांगायला नकोच. आमची कन्या मात्र दीडला 'साडेएक' म्हणते.) पाव आणि एक तृतीयांश एकत्र आले की मात्र ही युक्ती पुरत नाही, तिथे छेदाला शरण जावंच लागतं.