चार्जर लावला की तानपुऱ्यात गुणगुण – मदत हवी आहे

घरी लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करतो. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आहे: एकात कंडेन्सर माइक, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा साध्या मोनो केबलने.

लॅपटॉप बॅटरीवर असेल तर आवाज स्वच्छ. चार्जर लावला की तानपुऱ्याच्या ट्रॅकवर ५० हर्ट्झची गुणगुण आणि वर एक बारीक किरकिर. गंमत म्हणजे माऊस हलवला की किरकिरीचा सूरही हलतो! तानपुऱ्याची केबल काढली की चार्जर असूनही सगळं शांत, म्हणजे माइक निर्दोष.

केबल बदलून, यूएसबी पोर्ट बदलून, पंखा-ट्यूबलाइट बंद करून, दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहिलं. फरक शून्य. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने गुणगुण जाते, पण जवारीही (तारांचा झणझणता नाद) जाते. उरतो तो तानपुरा पाण्याखाली वाजल्यासारखा. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, तानपुऱ्याचा दोन पिनांचा. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला मिळालाय, तो कृपया पुन्हा देऊ नका, शॉक खायची हौस नाही.

बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते, विलंबित ख्यालाच्या दोन टेकमध्येच संपते. तानपुऱ्यासमोर माइक ठेवायचा नाही, ट्रॅक वेगळाच हवा.

ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या ग्राउंड जोडण्यांचं वेटोळं होऊन त्यातून गुणगुण शिरणं) संशय आहे. मग तानपुरा आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइक इनपुटला साजेसा करणारा डबा) लावून ग्राउंड लिफ्ट करू, म्हणजे ऑडिओ केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडू, की लॅपटॉप आणि इंटरफेसमधला विजेचा थेट संबंध तोडणारा यूएसबी आयसोलेटर घेऊ? आणि स्वस्तातल्या डीआयने खर्ज पातळ होतो का? कोणी तानपुऱ्यावर वापरून पाहिलाय?