मदत हवी आहे: पेटीतली जुनी नाणी, चांदी कशात आणि किती?

महाल_वाडा : घराच्या वाटण्या चालू आहेत. पेटीत निघालेली नाणी अशी: 1862 चे राणीछाप 3 रुपये, 1907 चे 2, 1942 ते 45 मधले राजाछाप 5, 1947 चे वाघवाले 2, तांब्याचं 1818 सालचं ‘राम दरबार’ 1, जाड 5 रुपयांची 22 आणि 2012 चं वैष्णोदेवीचं एक. नागपूरच्या इतवारीत एका दुकानात सगळ्या रुपयांना सरसकट एकच भाव सांगितला. तो घ्यावा का? नाणी काळी पडलीत, चिंचेने घासून नेऊ का?

कलदार : घासू नका जी, हे आधी. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नको. काळा थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाणं संपलं, मग फक्त मोडीचा भाव उरतो. तेलकट असेल तर अॅसिटोनमध्ये बुडवून काढा आणि तसंच वाळू द्या, पुसायचं नाही.

सरसकट भाव घेऊ नका. रुपयाचं मूळ वजन तिन्ही काळांत 11.66 ग्रॅमच, पण आतला माल वेगळा. 1862 आणि 1907 च्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे कोऱ्या नाण्यात 10.69 ग्रॅम. 1940 पासून 45 पर्यंतच्यात 50 टक्के चांदी, 40 तांबं, 5 निकेल, 5 जस्त, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 च्या वाघवाल्यात चांदी अजिबात नाही, शुद्ध निकेल आहे. लोहचुंबक लावा, टपकन चिकटेल. बाकीचे चिकटले तर नकली समजा.

साल पुसलं असेल तर कड बघा. जुन्या रुपयाची कड सलग खाचांची. चाळीसनंतरच्यात खाचांच्या मधोमध एक खोबण फिरते, नखाला लागते.

महाल_वाडा : चुंबकाचं जमलं, फक्त वाघवाले चिकटले. 1862 चे तिन्ही मिळून 34.2 ग्रॅम भरले. पण ते खरे कशावरून?

तराजू_सीताबर्डी : पाण्याची चाचणी करा, घरीच होते. 0.01 ग्रॅमचा काटा हवा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. तिन्ही नाणी एका बारीक दोऱ्यात बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडतील अशी अधांतरी धरा. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे नाण्यांनी सारलेलं पाणी. वजनाला त्याने भागा. 91.7 टक्क्यांचं उत्तर 10.3 च्या आसपास, 50 टक्क्यांचं 9.5, निकेलचं 8.9. एकेक नाणं मोजू नका, फरक फार बारीक पडतो.

महाल_वाडा : आकडा 9 वर जातो आणि थरथरतो. म्हणजे नकली?

तराजू_सीताबर्डी : नाही, नाणी पेल्याच्या बुडाला टेकताहेत. टेकलं की नाण्याचं स्वतःचं वजन काट्यावर येतं. दोरा पेनला बांधून पेन दोन डब्यांवर आडवा ठेवा, हात काढून घ्या. नाणी एकमेकांना चिकटली असतील तर मधे हवेचे बुडबुडे राहतात, ते हलवून सोडवा.

महाल_वाडा : आता 3.31 स्थिर! राजाछाप पाच: वजन 57.8, पाण्यात 6.08.

तराजू_सीताबर्डी : पहिलं 10.33, दुसरं 9.51. दोन्ही बरोबर. आता झीज धरून हिशेब करा: 34.2 गुणिले 0.917 म्हणजे 31.36 ग्रॅम चांदी, आणि पाचांमध्ये 28.9 ग्रॅम. दुकानात हे दोन आकडे कागदावर घेऊन जा. मशीनवर तपासणार असतील तर लक्षात ठेवा, ते वरची कातडीच बघतं. मिश्र चांदीच्या नाण्यावर वरचा थर चांदीने भरीव असतो, त्यामुळे टक्का फुगून दिसू शकतो. कसोटीच्या दगडाचंही तेच. वरून चांदीचा मुलामा असला तर दगड फसतो.

कलदार : 1862 बद्दल एक. तेच साल 1874 पर्यंत छापलं जात होतं, म्हणून ते भरपूर मिळतात. साल जुनं म्हणून लाखो मिळणार नाहीत. राणीच्या गळ्यावरचे मणी, झग्याची नक्षी ठळक असेल तरच चांदीच्या वर पैसे. ‘राम दरबार’ तर ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलंच नाही. देवघरात ठेवा, विकायला नेऊ नका.

वैष्णोदेवीचं नाणं त्यावर छापलंय तेवढ्याच किमतीचं, 5 किंवा 10 रुपये. त्याला लाखो देतो म्हणणारा आधी ‘नोंदणी फी’ मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याबद्दल जाहीर सावध केलंय, असं कोणतंही शुल्क ती घेत नाही.

महाल_वाडा : आणि जाड पाचाची 22? भंगारवाला जास्त देतो म्हणाला.

तराजू_सीताबर्डी : त्यात 9 ग्रॅम माल, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. म्हणूनच त्याची नजर आहे. पण चालू नाणं वितळवणं 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. सरळ किराण्यात खर्च करा.

कलदार : जे ठेवाल ते पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नको. आपल्या मे महिन्याच्या 45 अंशांत ते प्लास्टिक पाझरतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. कागदी पाकीट, वर स्टीलचा डबा, आणि डबा गच्चीखालच्या खोलीत न ठेवता खालच्या कपाटात.