'असिंक'ला मराठीत काय म्हणाल?

मधली_सुट्टी: नव्याने आलेल्या मुलांसाठी एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सची (मायक्रोसॉफ्टची वेब पानं बनवायची चौकट) टिपणं मराठीत लिहितेय. वाक्य असं आहे: 'यूजर कंट्रोलमधून असिंक टास्क चालवायचा असेल तर तो पेजकडे रजिस्टर करावा.' यूजर कंट्रोल म्हणजे पानात बसवायचा तुकडा, असिंक म्हणजे असिंक्रोनस. त्याला वरिष्ठ म्हणतात 'असमकालिक' घाला. माझा हात धजत नाही. दुसरं काही सुचतंय का?

नीरक्षीर: असमकालिक म्हणजे ज्ञानेश्वर आणि तुकाराम. सर्व्हरवर एवढी सवड नसते, ४५ सेकंदांत टाइमआउट होतो.

खडूस_काका: थट्टा पुरे. ग्रीक 'सुन' म्हणजे सह, 'क्रोनोस' म्हणजे काळ. शब्द चोख बसतो. कानाला सवय नाही एवढंच. सावरकरांचा 'महापौर' आज कुणाला खुपतो?

दोन_कप_चहा: व्युत्पत्ती चोख, पण अर्थ हुकला ना काका. प्रश्न काळाचा नाही, खोळंब्याचा आहे. डेटाबेसला विचारणा गेली की एरवी थ्रेड, म्हणजे सर्व्हरवर काम करणारा धागा, उत्तर येईपर्यंत नुसता ताटकळतो. असिंकमध्ये तो मोकळ्या थ्रेडच्या पूलमध्ये परत जातो आणि दुसऱ्या कुणाची रिक्वेस्ट घेतो. आई गिरणीत दळण टाकून मंडईत जायची, तसं. आणि त्याने पान लवकर येतं असंही नाही. गिरणी तिचा वेळ घेणारच. म्हणून माझं मत 'बिनखोळंबी'.

नीरक्षीर: 'बिनखोळंबी सेवा, आता आपल्या तालुक्यात.'

जुना_खोडरबर: मी 'मुलतवी' म्हणेन. रजिस्टर केलेला टास्क तिथल्या तिथे सुरू होत नाही. प्रीरेंडर, म्हणजे पान रंगवण्याआधीचा टप्पा, उरकलं की चालतो, आणि तो संपल्यावर प्रीरेंडरकम्प्लीट हा पुढचा टप्पा. २००५ पासून हाच क्रम आहे. तरी पेज लोडमध्ये, म्हणजे त्याही आधीच्या टप्प्यात, रजिस्टर करून लगेच खालच्या ओळीत निकाल शोधणारी पोरं दरवर्षी भेटतात. लेबल रिकामं का, म्हणून विचारतात. 'मुलतवी' वाचलं तर निदान थबकतील.

खडूस_काका: मुलतवी अरबी आहे.

जुना_खोडरबर: आणि टास्क सदाशिव पेठेतला?

खडूस_काका: मग 'कार्य' म्हणा की.

दोन_कप_चहा: आमच्याकडे घरात कार्य असलं की मांडव घालतात.

मधली_सुट्टी: मुलतवी आवडला, पण तो रजिस्टर केलेल्या टास्कपुरताच खरा. डॉट नेट ४.५ पासून पेज लोडलाच 'असिंक व्हॉइड' (निकाल न परतवणारं असिंक फंक्शन) लावता येतं. ते चालतं, पण शिफारस रजिस्टर करण्याचीच आहे. व्हॉइडवालं काम लगेच सुरू होतं, म्हणजे तिथे मुलतवी काहीच नाही. पेज डिरेक्टिव्हमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या सेटिंगच्या ओळीत, असिंक 'ट्रू' दोन्हीकडे हवंच. मग दोघांना एकच शब्द कसा लावू? मथळ्यात काय लिहू?

शेवटचा_बाक: सगळे 'तो टास्क' कसं काय म्हणताय? आमच्या ऑफिसात 'ती टास्क'.

नीरक्षीर: काम ते, म्हणून टास्क ते. रिक्वेस्ट ती, कारण विनंती. थ्रेड तो, कारण धागा.

शेवटचा_बाक: बस ती आणि ट्रक तो, मग हे कशावरून? दोन्ही गाड्याच.

जुना_खोडरबर: आणि 'पेज' नपुंसकलिंगी कधीपासून? आमच्या कोकणात पेज ती, आणि ती सकाळी मीठ घालून पितात.

दोन_कप_चहा: ती तरी दळणासारखी टाकून जाऊ नका. तळाला लागते.

खडूस_काका: 'पृष्ठ' लिहा, वाद मिटेल.

शेवटचा_बाक: मिटेल कसला? आधी टास्कचं लिंग सांगा.