मदत हवी आहे: भर पावसात महाबळेश्वरहून साताऱ्याला पेशंट न्यायचा आहे. केळघर घाट की पसरणी?

नमस्कार मंडळी. आई महाबळेश्वरला एकटी असते, मी महाडला नोकरीला. तिची केमो साताऱ्याला सुरू झालीय. दर तीन आठवड्यांनी डोस, शेवटचा सप्टेंबरअखेर. म्हणजे सगळा पावसाळा यातच जाणार.

डोसचा दिवस आधी ठरलेला असतो, त्याची फारशी चिंता नाही. धास्ती आहे ती रात्रीची. डॉक्टरांनी बजावलंय की ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. जुलैत रात्री दोन वाजता, धुक्यात, कुठल्या रस्त्याने उतरायचं?

नकाशावर रस्ते तीन दिसतात. सावित्रीच्या अंगाने आंबेनळी घाट पोलादपूरला उतरतो, वेण्णेच्या खोऱ्यातून केळघर घाट मेढ्याला, आणि कृष्णेच्या बाजूने पाचगणी, पसरणी घाट, वाई. मी स्वतः येते ती आंबेनळीने, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. 22 जुलै 2021 च्या पावसात (24 तासांत 594 मिमी!) तो रस्ता ठिकठिकाणी तुटून दरीत गेला होता. वर जांभा, खाली काळा कातळ. पाणी मुरतं आणि वरची माती सुटते. म्हणजे ऐन वेळी मी पोचेनच असं नाही, हे धरूनच सगळं ठरवायचंय.

मेढामार्गे सातारा साधारण 55 किमी, वाईमार्गे दहा-बारा किमी जास्त. शेजारचे जीपवाले केळघरच म्हणतात. पण आईला वळणांवर उलट्या होतात, आणि डोसनंतर तर पाणीही पोटात ठरत नाही. रात्री या घाटांतून पेशंट नेलेल्या कुणी कृपया सविस्तर लिहा.

तिला खाली हलवायचं का, हाही प्रश्न आहेच. ती तयार नाही. गोठ्यात दोन म्हशी आहेत. पावसाआधी घराला गवताच्या झडपा बांधून झाल्यात, जळण आत रचलंय, "आता मला कशाला हलवता" म्हणते. तिचं मन मोडायचं नाहीये, पण जीवही धोक्यात घालायचा नाही.

प्रतिसाद १
ताई, रात्री पसरणीनेच उतरा. अंतर वाढतं, पण वाटेत पाचगणी आणि वाई ही दोन मोठी गावं लागतात. दरड आडवी आली तरी अलीकडे थांबायला दवाखाना आहे. केळघरच्या बाजूला मेढ्यापर्यंत तसा आधार नाही. दिवसा, उघडीप असेल तर मेढामार्गे खुशाल जा. आणि गाडीवाला आत्ताच बोलून ठेवा, 108 चा नंबर शेजाऱ्यांकडेही असू द्या.

प्रतिसाद २
वडिलांच्या वेळी आम्ही यातून गेलोय, म्हणून सांगतो. पांढऱ्या पेशी बहुधा डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात कमी होतात, तापाचा धोका तेव्हाच जास्त. तुमच्या डॉक्टरांना आईंचे दिवस नेमके विचारा. डोस झाल्यावर दोन आठवडे वाईत किंवा साताऱ्यात ठेवा, तिसऱ्या आठवड्यात घरी न्या. तीन महिने घर सोडायचं म्हटलं की म्हातारी माणसं हबकतात. "पंधरा दिवसांनी परत येऊ" म्हटलं तर ऐकतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच आईशी बोलले. "म्हशींना कोण बघणार" एवढंच म्हणाली, नाही म्हणाली नाही. धारा काढायला चुलतभाऊ तयार आहे. आता वाईत तळमजल्यावरची, संडास आतच असलेली एक खोली जुलै ते सप्टेंबर भाड्याने हवीय. तिला जिने चढवत नाहीत. नदीकाठची नको, पुराचं पाणी चढतं. कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येत्या रविवारी बघायला येते.