‘पॅटिना’ला मराठीत काय म्हणाल?

जुन्या, उंची, पोलादी स्पोर्ट्स घड्याळांवर लिहितो आहे आणि ‘पॅटिना’पाशी, म्हणजे काळाने वस्तूवर चढणाऱ्या हव्याशा छटेपाशी, अडलो आहे. ‘जुनेपणा’ म्हटलं तर कौतुक निसटतं, ‘गंज’ म्हटलं तर घड्याळच बाद होतं. कोणाला काही सुचतंय का?

—

राप. धुराचा बसतो तसा काळाचा.

—

राप नको हो. तो वरून बसलेला थर, घासून काढायचा. इथे तबकडी घासली तर संग्राहक कपाळावर हात मारेल. शिवाय पोलादावर पॅटिना चढतच नाही. स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गंज अडतो. कांसं हिरवं पडतं तसं याचं होत नाही. बदलतात ते तबकडी आणि काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप. काही जुन्या काळ्या तबकड्या उन्हाने तपकिरी झाल्या, त्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. त्या काळी हा चक्क दोष होता! तेव्हा नाम सोडा, क्रियापद घ्या: रापणे. उन्हात कातडी रापते, तशी तबकडी रापली.

—

तबकडीला ‘रापलेली’ एकदम पटलं. लेपाला मात्र मी ‘मुरलेला’ म्हणेन. बऱ्याच जुन्या लेपांना चमक देणाऱ्या किरणोत्सारी ट्रिटियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांनी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. चमक गेलेली असते आणि पांढऱ्याचा रंग साय, कधी मध. तबकडीवरचे ठिपके मधाळ आणि काटे पांढरेफटक दिसले, तर काटे मागाहून बदललेत का ते आधी विचारायचं. दोन्ही सारखेच मुरलेले हवेत.

—

छान! आणि ‘अनपॉलिश्ड’ला, म्हणजे नंतर कधी पॉलिश न केलेल्या घड्याळाला? मी ‘कोरं’ लिहिलंय.

—

कोरं म्हणजे न वापरलेलं. हे तर ओरखड्यांनी भरलेलं असतं. ‘बिनझिलईचं’ही नको, त्यातून झिलई कधी नव्हतीच असं वाटतं. ओडमार पिगे कंपनीचं 1972चं पोलादी घड्याळ ‘रॉयल ओक’ डोळ्यांसमोर आणा: अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू, बारीक रेघांचा पृष्ठभाग आणि दोन पृष्ठांच्या मधे आरशासारखी तासलेली पट्टी. पुन्हापुन्हा पॉलिश केलं की ती पट्टी पुसट होते, कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल होतात. सरळ ‘कडा शाबूत’ लिहा.

—

मूळ मुद्दा राहिलाच. ‘वापरलेलं’ म्हटलं की किंमत उतरते, या घड्याळांची मात्र चढते. हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांची रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेली, ती पोलादीच होती आणि त्यांनी मनगटावर वापरलेली. सोन्याचं घड्याळ प्रसंगापुरतं पेटीतून निघतं; पोलादी पाण्यात, गाडीत, रोजच्या कामात असतं, म्हणून तर ते रापतं. आपल्याकडे ‘वागवणे’ आहे ना? वर्षानुवर्षं अंगावर वागवलेलं घड्याळ. ‘वापरलेलं’मधला उष्टेपणा त्यात नाही.

—

मग वाक्य असं करतो: ‘तबकडी रापलेली, लेप मुरलेला, कडा शाबूत, चाळीस वर्षं वागवलेलं.’ संपादकांनी ‘पॅटिना’च ठेवा म्हटलं तर?

—

तर ठेवा, पण ‘पॅटिना आली’ लिहा. कळा, झाक, झळाळी, सगळ्या स्त्रीलिंगीच.

—

अरेच्चा, मी इतकी वर्षं ‘काय पॅटिना आलाय’ म्हणतोय.