मदत हवी आहे: कंबरदुखीसाठी पट्टा कोणता घ्यावा?

त्रस्त_कोथरूडकर:
कंबर जाम दुखतेय. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधे) बल्ज आलाय, म्हणजे चकती फुगलीय. आराम करा म्हणाले, पण पडून राहिलं की वाढतंच. पट्टा कोणता चांगला? जरा लवकर सांगा, सोमवारपासून ऑफिस.

बाबूराव:
वय? कधीपासून? कळ पायात उतरते का? एवढं तरी लिहा की राव.

सुगरण:
गादी बदला. काथ्याची घ्या.

आडदांड:
बल्ज म्हणजे सायटिका, नस दबून पायात कळ. भुजंगासन सुरू करा.

मनमोकळी:
@आडदांड, नाही हो. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याखाली उतरते, शिंकलं की पायात चमक मारते. कमरेतून पायात जाणाऱ्या नसांपैकी एल५ची नस दबली तर पायाचा अंगठा वर उचलताना जोर लागत नाही, तिच्या खालची एस१ची दबली तर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जमत नाही. नुसता बल्ज काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सापडतो. आणि म्हातारपणी चालताना पाय भरून येतात, पुढे वाकून बसलं की मोकळे होतात, तिथे मणक्यातली जागा अरुंद झालेली असते. अशांना भुजंगासन दिलंत तर दुखणं वाढेल.

त्रस्त_कोथरूडकर:
वय २९. पायात काही नाही. चार-पाच महिने झाले. पहाटे दुखून जाग येते, सकाळी तासभर मोजे घालायला वाकता येत नाही. चालायला लागलं की सुटतं. पट्ट्याचं सांगा ना.

मनमोकळी:
हे आधी लिहायचं! पट्टा नको, हालचाल कमी झाली की ताठरपणा वाढेल. ४५च्या आत सुरुवात, तीन महिन्यांच्या वर, आरामाने वाढणं आणि हालचालीने कमी होणं, हे सांध्यांच्या सुजेचं लक्षण असू शकतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन पाठ आखडते तो आजार) त्यातलाच. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधेविकारतज्ज्ञ) गाठा. सेक्रोइलियाक सांध्यांचा (कणा कटीच्या हाडांना जोडतो ते) वेगळा एमआरआय सांगतील. कमरेच्या एमआरआयमध्ये ते सांधे नीट दिसतीलच असं नाही.

आडदांड:
एचएलए-बी२७ ही रक्ताची जनुक तपासणी केली की झालं. कशाला एवढा खर्च?

बाबूराव:
पॉझिटिव्ह असूनही आजार नसलेले पुष्कळ, आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, तीसुद्धा नॉर्मल येऊ शकते.

सुगरण:
आमच्याकडे कटीबस्तीही (कमरेवर कोमट तेल ठेवायचा आयुर्वेदिक उपचार) करतात.

बाबूराव:
ताई, निदान तर होऊ दे! @त्रस्त, संध्याकाळी ताप, वजन उतरणं असलं तर मणक्याचा टीबीही बघावा लागतो. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर तडक इस्पितळात, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

त्रस्त_कोथरूडकर:
ते काही नाही. टाच दुखते, पण ती बुटांमुळे असेल.

मनमोकळी:
तेही डॉक्टरांना सांगा, पोटरीच्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेही ही सूज येते. डोळा लाल होऊन दुखला होता का, घरात कुणाला सोरायसिस (कातडीवर खपल्यांचे चट्टे येणारा आजार) आहे का, आणि आधी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी एक-दोन दिवसांत कितपत फरक पडला, हे कागदावर लिहून न्या.